किल्ली कोणाच्या खिशात?

सामायिक कार्यशाळेची कल्पना आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचली आहे. एका शेडमध्ये लेथ, वेल्डिंगची दोन-तीन यंत्रे, भोके पाडण्याचे यंत्र, लाकूडकामाचा ओटा, पंपाची मोटर भरून देण्याची सोय, आणि जमल्यास संगणकावर चालणारे एखादे कापणीयंत्र. ज्याला काम करावयाचे आहे त्याने यावे, शिकावे, वर्गणी भरावी व काम करून जावे, अशी ही कल्पना आहे. माळशिरससारख्या गावी तिचा विचार निघाला तर बैठकीचा क्रम कसा राहील हे कोणीही अनुभवी कार्यकर्ता सांगू शकेल. यंत्रांची यादी अर्ध्या तासात मंजूर होते. वर्गणीवर थोडी घासाघीस होते. मग कोणीतरी विचारतो, “किल्ली कोणाकडे राहणार?” आणि बैठक तेथेच अडते. थोड्या वेळाने एखादा सुज्ञ गृहस्थ तोडगा सुचवतो: दाराला अंगठ्याचे यंत्र बसवा, चार कोपऱ्यांत चार कॅमेरे लावा, रात्रीसाठी एजन्सीचा पहारेकरी नेमा. हा तांत्रिक प्रश्न आहे, तो कंत्राटदारावर सोपवू या. सर्वांना सुटल्यासारखे वाटते आणि ठराव संमत होतो.

हा प्रश्न तांत्रिक नाही. सामायिक मालकीच्या संस्थेत दार कोणासाठी, केव्हा आणि कोणाच्या हुकुमाने उघडते हा पहिला राजकीय निर्णय असतो. तो कंत्राटदाराच्या हाती देऊन मोकळे होणारी समिती घटनेत काहीही लिहो, मालकी सोडून बसलेली असते.

माळशिरस तालुक्यात अशा कार्यशाळेची गरज काय, हे आधी पाहिले पाहिजे. नीरा उजव्या कालव्याने या तालुक्याचे दोन भाग केले. कालव्याखाली ऊस, साखर कारखाने, अकलूजची बाजारपेठ आणि सहकारातून उभी राहिलेली घराणी. कालव्याच्या पाण्याबाहेर पिलीवकडची जिरायत आणि मेंढरांमागे फिरणारी माणसे. दोन्हीकडे यंत्रे आली. ट्रॅक्टर, ट्रॉली, पाण्यातले पंप, ठिबकचे संच, कडबाकुट्टी यांपैकी काही नाही असे गाव उरलेले नाही. पण ती दुरुस्त करण्याची विद्या आणि हत्यारे मात्र रस्त्याकडेच्या खाजगी गॅरेजमध्ये एकवटली. तेथे काम करणारा पोरगा दहा वर्षे राबूनही स्वतःचा लेथ घेऊ शकत नाही, आणि लहान शेतकरी मोटर जळाली की सांगेल ती किंमत मोजतो. उत्पादनाची साधने ज्याच्या हाती, त्याचीच भाषा चालते, हे येथे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. म्हणून सामायिक कार्यशाळा ही हौशी मुलांची करमणूक नसून ग्रामीण कारागिराला भांडवलाच्या दारातून बाहेर काढणारी संस्था होऊ शकते.

महाराष्ट्रात तिला पूर्वज आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळलेल्या मुलांना हाताने काम करीत शिकवावे, आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असावे, हा त्यांचा आग्रह. त्याच पाबळला २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने ‘फॅब लॅब’ उभी राहिली. त्या संस्थेबाहेर निघालेल्या अशा प्रयोगशाळांत ती अगदी पहिल्यांपैकी. नंतर सरकारला जाग आली. २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेत शाळाशाळांतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ निघाल्या. प्रत्येकीला वीस लाखांपर्यंत अनुदान आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजारांची घोषणा. आकडे डोळे दिपवणारे आहेत. परंतु यंत्रे मिळाली म्हणजे ती लोकांची झाली असे होत नाही. शाळेच्या तासांत उघडणारी आणि सुटीत बंद होणारी प्रयोगशाळा, जिची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते आणि जिच्यातले साहित्य ‘डेड स्टॉक रजिस्टर’मध्ये नोंदलेले असते, तिच्याबाबत गुरुजींची पहिली काळजी शिक्षणाची नसते, तपासणीच्या दिवशी वस्तू मोजून भरली पाहिजे, ही असते. वापरलेली वस्तू झिजते, झिजलेली वस्तू निर्लेखित करावी लागते, निर्लेखनाला वरून मंजुरी लागते. तेव्हा न वापरणे हाच सुरक्षिततेचा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. दोष गुरुजींचा नाही. जबाबदारी एकट्याच्या गळ्यात आणि अधिकार वरच्या कचेरीत, अशी वाटणी केली की कुलूप हेच शहाणपण होते.

काही जुनी मंडळी येथे गावगाड्याची आठवण काढतील. लोहाराचा भाता आणि सुताराचा कामठा यांना दार कोठे होते? छपराखाली ऐरण असे, येईल तो बसे, कुळव-नांगर शेवटून घेऊन जाई, सुगीला बलुते घातले की हिशेब संपला. चित्र मनोहर आहे आणि अर्धे खोटे आहे. त्या उघड्या छपराला जातीचे कुलूप होते. कोणी कोठपर्यंत यावे, कोणाचे काम आधी व्हावे, कोणाच्या पोराने घण उचलावा आणि कोणाच्या उचलू नये, हे सारे दारावाचून ठरलेले असे. शेजारच्या पंढरपूरला विठ्ठलाचे दार अस्पृश्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला तो अशासाठीच, की ‘सार्वजनिक’ म्हणवल्या जाणाऱ्या पाण्याला अदृश्य दारे होती. तेव्हा दार नसणे म्हणजे प्रवेश असणे नव्हे, एवढे तरी या परंपरेत वाढलेल्यांनी विसरू नये.

गावगाड्यात राखणदारही होता, आणि त्याची कथा या विषयात फार बोलकी आहे. रामोशी, बेरड, जागल्या यांच्याकडे गावाची रात्र असे. चोरी झाली तर माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवला तर जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर, नाहीतर भरपाईचा बोजा स्वतःवर. म्हणजे राखणदाराला वतन होते, गावाशी नाते होते आणि उत्तरदायित्वही होते. इंग्रजी अमलात ही व्यवस्था मोडली. वतने गेली, हक्क गेले; उमाजी नाईकांनी बंड केले आणि १८३२ साली ते फासावर गेले. पुढे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पिढ्यान्‌पिढ्या गाव राखणाऱ्यांचीच गणना जन्मजात चोरांत होऊ लागली. आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बेरड आहेत, रामोशी आहेत, तसेच पारधी, कैकाडी, वडार, भामटा आहेत. सोलापूर शहरात या कायद्याखालची तारेच्या कुंपणातली वसाहत होती. आतल्या माणसाने हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून बाहेर जावयाचे नाही, आणि दिवसा गिरणीत राबावयाचे. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पण मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा करून संशयाची वही चालूच ठेवली. तुरुंगातील जातिभेदाविरुद्ध निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्ये या ‘सराईत’ शब्दाच्या आडून विमुक्तांवर होणाऱ्या अन्यायाची दखल घ्यावी लागली. बहात्तर वर्षे गेली होती.

हे सारे कार्यशाळेच्या दाराशी कशाला आणावे, असे विचारणाऱ्यांनी एवढेच सांगावे: उद्या तेथून एक ग्राइंडर नाहीसा झाला, तर पहिला संशय कोणावर जाईल? सरपंचाच्या पुतण्यावर जाईल काय? ज्या पालावरच्या पोराला वेल्डिंग शिकवण्यासाठी कार्यशाळा काढली असे उद्‌घाटनाच्या भाषणात सांगितले, त्याच्याच पालावर शिपाई जाईल. तो पोरगा निर्दोष ठरला तरी पुन्हा त्या दाराकडे फिरकणार नाही, आणि त्याच्या मागून येणारे दहाजणही येणार नाहीत. कार्यशाळेचे खरे नुकसान ग्राइंडरच्या किंमतीत मोजून चालणार नाही. म्हणून सुरक्षाव्यवस्थेची पहिली कसोटी अशी असली पाहिजे की, वस्तू गेल्यावर ती निरपराध माणसाला वाचवते की नाही.

अंगठ्याच्या यंत्राचे समर्थक येथे पुढे सरसावतील. यंत्र जात पाहत नाही, ते म्हणतील; कोण केव्हा आत गेले याची बिनचूक नोंद राहील, संशयाला जागाच नाही. युक्तिवाद दिसावयास बरा आहे. परंतु बोटांच्या ठशांचा इतिहासही आपल्याच देशात घडलेला आहे. १८५८ साली बंगालमध्ये हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला, तो या हेतूने की, ‘नेटिव्ह’ माणसाने नंतर शब्द फिरवू नये. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी उघडली. ट्रान्सवालमध्ये हिंदी लोकांवर नोंदणीची आणि ठशांची सक्ती आली तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींनी व तेथील हिंदी जनतेने प्रतिकाराची शपथ घेतली. सत्याग्रहाचा जन्म त्या सभेतला, हे आपल्या अभ्यासवर्गांत शिकवले जाते; तो कशाविरुद्ध जन्मला हे सांगावयाचे मात्र राहून जाते.

इतिहास बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. ऊस तोडणाऱ्याच्या, घण मारणाऱ्याच्या, सिमेंट कालवणाऱ्याच्या बोटांवरील रेषा झिजतात. रेशनच्या दुकानात अंगठा न उमटल्यामुळे रिकाम्या पिशवीने परतणारे लोक कार्यकर्त्यांनी पाहिलेले आहेत. जे यंत्र श्रमिकाचा अंगठा ओळखत नाही आणि कारकुनाचा पटकन ओळखते, ते जात पाहत नसेल, पण वर्ग पाहते. शिवाय किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. ठसा दुसऱ्याच्या हाती पडला तर बोट कोठून बदलून आणावे? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०१८ च्या आधार निकालात खाजगी कंपन्यांना त्या ओळखीचा वापर करू देणारी तरतूद रद्द केली. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. एवढे होऊनही एखाद्या कार्यशाळेने आपल्या दोनशे सभासदांचे ठसे कोणा पुरवठादाराच्या संगणकात ठेवावेत आणि ते कोठे आहेत हे समितीच्या चिटणिसालाही सांगता येऊ नये, हा निष्काळजीपणा आहे.

नोंद बिनचूक असते हेही तपासून घ्यावे. यंत्रातील नोंद ज्याच्या हाती संकेतशब्द आहे त्यालाच दिसते. याच तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर ३ डिसेंबरला स्वतः मतपत्रिकांवर मतदान घेऊन पाहण्याचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लागू केली आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. मतदानयंत्राविषयी कोणाचे काही मत असो. पण मोजणी आम्हाला डोळ्यांनी दिसली पाहिजे, ही त्या गावाची मागणी लोकशाहीतली अगदी साधी मागणी होती. दारातल्या टेबलावर पडलेली, कोणीही उलगडून पाहू शकेल अशी वही या कसोटीला उतरते.

आता अधिक गंभीर गोष्ट. दार चोराला बाहेर ठेवण्यासाठी असते असे आपण समजतो. कामाच्या जागेचा इतिहास सांगतो की, दारांनी अधिक करून कामगारांना आत कोंडले आहे. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागली. नवव्या मजल्यावरील एक दार कुलूपबंद होते. कामावरून सुटताना मुलींच्या पिशव्यांची झडती एकाच वाटेवर घेता यावी, चोरी होऊ नये, म्हणून. १४६ माणसे मेली, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. मालक खटल्यातून निर्दोष सुटले. शंभर वर्षांनी, सप्टेंबर २०१२ मध्ये, कराचीच्या बाल्दिया भागातील कारखान्यात अडीचशेंहून अधिक कामगार जळाले. ती आग लावली गेली होती असे पुढे न्यायालयाने ठरवले, परंतु बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या हे त्यामुळे खोटे ठरत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या अनाज मंडीत ४३ जण गेले. तेथे कामगार कारखान्यातच झोपत. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत १८ मे २०२५ च्या पहाटे टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ माणसे मृत्युमुखी पडली, त्यात लहान मूलही होते. कारखाना आणि घर एकाच भिंतींत असले की काय होते हे जिल्ह्याने पाहिले आहे.

माणूस आत असेपर्यंत दार आतून कोणालाही विनासायास उघडता आले पाहिजे आणि ते बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे, हा नियम १९४८ च्या कारखाने कायद्याने आपल्याकडे घालून दिला. कायद्याचा सांगाडा नंतर बदलला, २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. पण आगीला संहिता कळत नाही. कार्यशाळेत वेल्डिंगच्या ठिणग्या, लाकडाचा भुसा, रंग, तेल आणि गॅसची नळकांडी एकत्र असतात. विजेवर चालणाऱ्या कुलपांचे दोन प्रकार असतात. एक वीज गेली की सुटते, दुसरे वीज गेली की पक्के होऊन बसते. पहिले बसवले तर भारनियमनाच्या रात्री दार सताड उघडे. दुसरे बसवले आणि आतून हाताने उघडण्याची कडी ठेवली नाही, तर आत काम करणारा पिंजऱ्यात. विक्रेत्याला हा प्रश्न विचारणारी समिती विरळाच. ग्रामीण भागात वीज किती भरवशाची आहे हे ज्याला रात्रीच्या पाळीत पिकाला पाणी द्यावे लागते त्याला सांगावयास नको.

मग दार उघडेच टाकावे काय? असेही म्हणणारे मित्र आहेत. विश्वास टाकला की विश्वास मिळतो, असे ते सांगतात. त्यांचे मन चांगले आहे, पण हिशेब कच्चा आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००७ साली ‘नॉइजब्रिज’ नावाची सामायिक कार्यशाळा निघाली आणि सर्वांना खुले दार हे तिचे ब्रीद झाले. काही वर्षांत लोक तेथे राहावयास आले, भांडणे झाली, काम करणारे कंटाळले आणि २०१४ साली तिला स्वतःला सावरण्यासाठी रात्रीच्या प्रवेशावर बंधने घालावी लागली. माळशिरसच्या आसपास शेतातल्या पंपांच्या केबली चोरीला जातात आणि लहान शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. चोरीची भीती ही केवळ मालकवर्गाची कल्पना आहे असे ज्याची मोटर गेली आहे त्याला सांगून पाहावे.

वस्तुतः अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे मांडले की, सामायिक कुरण शेवटी उजाड होणारच, कारण प्रत्येकजण आपले जास्तीचे जनावर त्यात सोडणार. त्यावर उपाय दोनच: खाजगी मालकी, नाहीतर सरकारी दंडुका. भांडवलशाहीच्या भाटांना हे वचन फार आवडले. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची सामायिक रानपाण्याची उदाहरणे तपासून १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, ती शतकानुशतके टिकलेली आहेत. टिकली ती कोठे? जेथे कोण सभासद आहे हे स्पष्ट होते, नियम वापरणाऱ्यांनीच केले होते, राखणदार वापरणाऱ्यांना उत्तरदायी होता, आणि पहिल्या चुकीला सौम्य, पुढच्या चुकीला कडक अशी शिक्षेची पायरी होती. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यासाठी परदेशीच पाहावयास हवे असे नाही. आपल्या खानदेशात पांझरेच्या बंधाऱ्यांवर फड पद्धत चालत आली. तेथे पाणी वाटणारा पाटकरी आणि राखण करणारा जागल्या हे बागाईतदारांनीच नेमलेले, त्यांनीच पोसलेले नोकर. हार्डिनच्या कुरणाला दार नव्हते हे खरे. पण त्याहून महत्त्वाचे, त्या कुरणाला सभाही नव्हती.

सभा असेल तर दाराची व्यवस्था फार अवघड नाही. बाहेरच्या दाराला चांगले, जाड, साधे कुलूप असावे. किल्ल्या पाच-सहाजणांकडे असाव्यात, सगळ्या एका आळीत किंवा एका घराण्यात नसाव्यात, आणि किल्लीदार वर्षाला सभेने निवडावेत. किल्लीदार म्हणजे मालक नव्हे. त्याची पाळी असेल त्या संध्याकाळी त्याने दार उघडून बसावयाचे, एवढेच. धोक्याच्या यंत्रांना मात्र स्वतंत्र कुलूप हवे. लेथ किंवा गोल करवत ज्याने शिकून घेतली आहे त्यालाच तिच्या बटणाची किल्ली मिळावी, कारण तेथे प्रश्न बोटे शाबूत राहण्याचा आहे. लहान हत्यारांसाठी रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या वर्कशॉपांतली जुनी रीत पुरते: भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली, आणि हत्यार नेणाऱ्याने त्या खिळ्यावर आपला क्रमांकाचा बिल्ला अडकवावयाचा. संध्याकाळी दार लावताना फळीकडे पाहिले की मोकळी आकृती स्वतः बोलते. ही रीत कोणावर संशय घेत नाही, आणि चोरी झाली तर निर्दोष माणसाला तीच वाचवते, कारण त्याचा बिल्ला त्याच्या खिशात असतो. बहुतेक हत्यारे चोरीला जातच नाहीत. कोणीतरी शेतावर नेलेली असतात आणि परत आणावयाची राहिलेली असतात. त्यासाठी पोलीस लागत नाही.

कॅमेरा लावावयाचाच असेल तर बाहेरच्या दारावर एक लावावा. काम करणाऱ्याच्या हातांवर कशासाठी? चित्रण किती दिवसांनी पुसावयाचे हे सभेने ठरवावे, आणि दोन पदाधिकारी व ज्याच्यावर आळ आहे तो स्वतः, असे तिघे हजर असल्याशिवाय ते पाहू नये. गिरणीच्या फाटकावरची झडती ज्या कामगारांनी सोसली, त्यांच्या चळवळीतून आलेल्यांनी तीच झडती काचेच्या डोळ्याने घ्यावी हे शोभत नाही.

स्त्रियांचा प्रश्न या साऱ्यात कोणी काढीत नाही. रात्री उशिरापर्यंत कार्यशाळा उघडी राहील म्हणून पुरुष सभासद खूष होतात. बचत गटातली जी बाई शिलाईयंत्राची दुरुस्ती शिकू पाहते तिला रात्र उपयोगाची नाही; तिला दुपारचे दोन तास हवेत, आणि त्या वेळी आत दुसरी बाई असेल याची खात्री हवी. किल्लीदारांत निम्म्या स्त्रिया नसतील तर घटनेत ‘सर्वांसाठी खुली’ असे लिहिले तरी दार पुरुषांचेच राहील. सुरक्षितता म्हणजे केवळ यंत्रांची सुरक्षितता, ही समजूत समितीत फक्त पुरुष बसले की होते.

पहारेकऱ्याविषयी दोन शब्द. एजन्सीचा माणूस स्वस्त पडतो, कारण त्याची रजा, भविष्यनिर्वाह निधी, जादा तासांचा पगार यांतून एजन्सी आपला नफा काढते. माथाडींच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी मंडळाचा कायदा केला तो हीच लूट थांबवावी म्हणून. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा माणूस किमान वेतनाखाली राबत असेल, तर आत कोणतेही फलक लावू नयेत. त्यापेक्षा गावातलाच एखादा विमुक्त कुटुंबातील तरुण पूर्ण पगारावर, सभासद करून नेमावा. दिवसा त्याने लेथ शिकावा. ज्यांच्या पूर्वजांकडून गावाची राखण काढून घेऊन त्यांना चोर ठरवले, त्यांच्याकडे किल्ली देण्याचा ठराव सभेत मांडून पाहावा. कोण विरोध करतो त्यावरून संस्था कोणाची आहे ते त्याच दिवशी कळेल.

देणगीदार या ठिकाणी अडून बसतील. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन आले, आणि अशा पैशावर पाटी लावता येते असे यंत्र त्यांना आवडते. पहारेकऱ्याच्या पगारावर पाटी लावता येत नाही. आमच्या अटींप्रमाणे हजेरीयंत्र बसवा, त्यातील आकडे आम्हाला पाठवा, असे ते म्हणतील. अहवालात ‘लाभार्थी’ मोजावयाचे असतात. लंडनच्या महानगर परिषदेने १९८० च्या दशकात माइक कूली यांच्या पुढाकाराने लोकांना खुल्या अशा तंत्रशाळांचे जाळे विणले होते. कूली हे ल्यूकस कंपनीतून काढून टाकलेले कामगार संघटक. युद्धसामग्रीऐवजी समाजोपयोगी वस्तू बनवण्याचा आराखडा १९७६ साली मांडणाऱ्या कामगारांपैकी ते एक. थॅचरबाईंनी १९८६ साली परिषदच बरखास्त केली आणि त्या शाळांचा आधार गेला. वरून आलेल्या पैशावर उभे असलेले दार वरूनच बंद होते, मग वर बसलेले सरकार मित्राचे असो की शत्रूचे. तेव्हा देणगी घ्यावी. अट घेऊ नये. वर्गणी लहान असावी, ऊसतोडीच्या हंगामात बाहेर असणाऱ्याला सूट असावी, आणि वर्गणीतला काही भाग हरवलेल्या-मोडलेल्या हत्यारांसाठी बाजूला काढलेला असावा. वर्षाला काही हत्यारे जाणारच. ती जाणार हे अंदाजपत्रकात आधीच लिहिलेले असले की प्रत्येक पान्यासाठी चौकशी समिती नेमावी लागत नाही.

संस्था सहकारी कायद्याखाली नोंदवली असेल तर कार्यकर्त्यांनी १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम एकदा उघडून पाहावा. कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. दाराची वही त्याच भावनेने उघडी ठेवता येते. कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढावयाचे तर त्याला बाजू मांडण्याची संधी देऊन, सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांच्या तीनचतुर्थांश बहुमताने काढावे लागते. अंगठ्याच्या यंत्रात मात्र एक नाव पुसले की काम झाले. सभा नाही, नोटीस नाही, त्या माणसाला दाराशी उभे राहिल्यावर कळते. साखर कारखान्यांच्या सभासदयाद्यांतून विरोधकांची नावे कशी गळतात हे ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. तेव्हा असा पोटनियम पहिल्याच दिवशी करून घ्यावा की, सभेच्या ठरावावाचून कोणाचाही प्रवेश बंद होणार नाही. आग, मारहाण किंवा यंत्राशी जीवघेणा खेळ असेल तर किल्लीदाराने त्या दिवसापुरते थांबवावे आणि आठ दिवसांत सभेपुढे यावे.

शेडचे काम सुरू व्हावयाच्या आधी एक गोष्ट मात्र विसरू नये. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे आणि मागच्या भिंतीला दुसरे दार हवे, हे गवंड्याला चौकटी बसवण्यापूर्वी सांगावे लागते. नंतर भिंत फोडावी लागते, आणि तेवढा पैसा त्या वेळी कोणाकडेच शिल्लक नसतो.